साखऱ्याची चौदावी साखळी

नाताळ अंकाच्या संपादकांचं पत्र आलं. विषय त्यांनीच नेमून दिला होता, 'मोहावर विजय'. खाली प्रेमानं लिहिलं होतं, "सरकारी मोजणीच्या खात्यात उभी हयात घालवून तुम्ही हात स्वच्छ ठेवलेत. तुमच्याशिवाय यावर कोण लिहिणार?" पत्र वाचून मी एवढा फुगलो की दारातून आत जायला मला तिरकं व्हावं लागलं. लगेच वही काढली, चष्मा पुसला, पेन झटकला. आणि बसवेना. चार वेळा उठून पाणी प्यालो. दोन वेळा फाटक लावून आलो, ते लावलेलंच होतं. आमच्या रूथबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "काहून उठबस करून राहिले? मुंग्या चावून राहिल्या का?"

मुंग्याच म्हणा. साखरा गावच्या आहेत आणि वीस वर्षं चावतायत.

आधी धंदा काय तो सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी मोजणीदार. दोन शेजाऱ्यांचं धुऱ्यावरून वाजलं की अर्ज येतो आणि आम्ही जाऊन कुणाचं कुठवर ते दाखवतो. धुरा म्हणजे दोन शेतांमधला बांध. शहरातल्या माणसाला वाटतं, बांध एका जागी उभा असतो. आमच्या काळ्या जमिनीत तो चालतो. दर पेरणीला औत बोटभर आत घुसतं, बोटाचं वीत होतं, वितीचा हात होतो. पुसेगावाकडं मी एक धुरा असा पाहिला, की त्याला अजून दोन हंगाम मिळते तर तो फाट्यावर येऊन एसटीची वाट पाहत उभा राहिला असता.

हे चालणं पकडायचं आमचं हत्यार म्हणजे साखळी. लोखंडी, तेहतीस फुटांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा. पुढचा माणूस साखळीचं टोक घेऊन चालतो, ताणून धरतो, टोकाशी लोखंडी सळई रोवतो. मागचा माणूस त्या सळईपाशी येतो, तिथून पुढची साखळी धरतो, मग सळई उपटून मोजणीदाराच्या हातात देतो. हातातल्या सळया म्हणजे झालेल्या साखळ्या. इतकं सोपं. मी नोकरीत जेवढी साखळी ओढली, तेवढी सरळ एका रेषेत ओढली असती तर यरुशलेमला जाऊन, प्रार्थना करून, वारंगा फाट्यावर चहाला परत आलो असतो.

आणि माणसं! मोजणीदार गावात शिरला की ज्या म्हातारीनं सुनेला कधी चहा दिला नाही ती त्याला दूध विचारते. शेजाऱ्याच्या हद्दीची खूण सरकवणारा शापित, असं शास्त्रात, म्हणजे बायबलात, सांगितलंय. आमच्या सगळ्या खात्यात तेवढं वचन मला एकट्यालाच पाठ होतं आणि मी ते ऐकवायचोही. गावोगाव पसरलं होतं, "तो किरिस्ताव साहेब हाय ना, त्याच्या पुढं काही चालत न्हाई." हे ऐकलं की माझी छाती सव्वा गुंठा व्हायची.

एकदा वारंगा फाट्यावर गाडीची वाट पाहत होतो. सकाळी ज्याचं शेत मोजलं होतं तो गृहस्थ मागं येऊन उभा राहिला, नमस्कार केला, गेला. गाडी सुटल्यावर माझ्या पिशवीतून कोंबडं आरवलं. अख्खी गाडी माझ्याकडं वळली. कंडक्टर म्हणाला, "साहेब, ह्याचं तिकीट?" मी म्हटलं, माझं नाही. दुसऱ्यांदा आरवलं. शेजारचा म्हणाला, "पिशवी तर तुमचीच हाय." मी म्हटलं, मला माहीत नाही. तिसऱ्यांदा आरवलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं येशूला तीनदा नाकारून कोंबड्याच्या आरवण्यासरशी रडलेला प्रेषित पेत्र उभा राहिला. घंटी वाजवून उतरलो आणि ते कोंबडं काखेत मारून सात मैल उलटा चालत गेलो. बरं, चार मैल असेल. त्याच्या दारात सोडलं तेव्हा तो म्हणाला, "साहेब, इतकं तर ते सोताच चालत आलं असतं."

पुसेगावच्या एकानं तर हद्दीचा दगडच उपटून शेजाऱ्याच्या शेतात वीस पावलं आत नेऊन रोवला आणि त्याला शेंदूर फासला. देव झाला! आता देवाला हात कोण लावणार? "तुमी किरिस्ताव, तुमाला काय समजतं देवाचं," असं म्हणून त्यानं माझ्यासमोर नारळ फोडला. मी टोपी काढली, दगडाला हात जोडले आणि म्हटलं, "देव इथंच राहू द्या, मी त्याला हलवत नाही. पण जुन्या मोजणीवाल्यांनी खऱ्या दगडाखाली कोळसा पुरलेला असायचा. कोळसा सडत नाही. तो जिथं निघेल तिथून मोजू." वीस पावलं मागं खणलं आणि कोळसा निघाला. देव शेजाऱ्याच्या शेतात कायमचा राहायला गेला. त्या शेजाऱ्याचं पीक पुढच्या साली दुप्पट आलं म्हणतात. आता ते मीच म्हणतो, पण लोकही म्हणतात.

असले मोह सोपे. मोह पिशवीतून आरवतो, शेंदूर फासून समोर बसतो, त्याला ओळखायला अक्कल लागत नाही. साखऱ्याचा मोह आरवला नाही.

तेव्हा आपला जिल्हा परभणी होता, हिंगोली वेगळा व्हायचा होता. साखऱ्याला तुळशीराम नावाचा बौद्ध शेतकरी होता, दोन एकर चार गुंठ्यांचा धनी. त्याची बायको कौसाबाई. शेजार बापूराव पाटलांचा, त्यांची जमीन नजर पुरणार नाही एवढी. तुळशीराम आणि कौसाबाईनं पूर्वेच्या धुऱ्यालगत विहीर खोदायला घेतली होती. दोघांनीच. तो खाली खोदायचा, ती वर ओढायची. बारा हात गेले होते, खाली ओल लागली होती. बापूरावांचं म्हणणं पडलं, विहीर आमच्या हद्दीत येते. तुळशीरामानं भांडण केलं नाही, मोजणीचा अर्ज केला. आणि मी येणार कळल्यावर तो बापूरावांना म्हणाला, "त्यो साहेब मोजंल ते मला कबूल."

त्याच्या शेताच्या पश्चिमेला नाल्याकाठी एक जुना दगड पक्का होता, कोळशासकट. टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या कागदात, त्या दगडापासून पूर्वेचा धुरा चौदा साखळ्यांवर. चौदा साखळ्या मोजायच्या, मेख ठोकायची, घरी यायचं. पुढचं टोक तुळशीरामाच्या हातात, मागचं बापूरावांच्या सालगड्याच्या हातात, म्हणजे दोन्ही बाजूंचा भरवसा. कौसाबाई धुऱ्यावर बसून होती.

ऊन असं, की माझी सावली माझ्या बुटात शिरून बसली होती. बापूरावांनी पाणी पुढं केलं. मी म्हटलं, "मोजणी होईस्तोवर दोन्ही घरचं पाणी मला वर्ज्य." कौसाबाईनं पितळी गडवा पुढं केला. तिलाही तेच सांगितलं. माझी स्वतःची पाण्याची पिशवी वाटेत गळून रिकामी झाली होती, पण ते कुणाला सांगतो?

दहा साखळ्या झाल्या. आता इथं आमच्या धंद्यातली एक गोम सांगतो, कारण सगळं तिच्यावरच आहे. सळया दहाच असतात. नऊ मोजणीदाराच्या हातात आल्या की दहावी जमिनीत उभी असते. ती दहांत धरायची, रुमालाला एक गाठ मारायची आणि नऊ सळया पुढच्याला परत द्यायच्या. मग ती दहावी उपटून हातात आली की ती मोजायची नाही, कारण ती गाठीत मोजून झालेली आहे. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी हे शिकवतात.

मी गाठ मारली आणि तेवढ्यात बापूरावांच्या घरचा गडी तुपाचा डबा घेऊन आला.

तुपाचा डबा! तूप पाहिल्यावर माझ्यात राजालाही तोंडावर सुनावणारा एलीया संदेष्टा संचारला. मी भर शेतात, रुमाल हातात धरून, बापूरावांकडं बोट करून गरजलो, "बापूराव! हे तूप माघारी न्या! याकोबाचा देव वरून पाहतोय. या साखळीची एक कडी तुपानं वितळणार नाही!" अजून बरंच बोललो. शास्त्रातलं, खात्यातलं, थोडं माझ्या मनचं. बापूराव नुसते बघत राहिले. शेजारच्या शेतातले लोक निंदणी सोडून आले. मी पाहिलं, की माणसं जमतायत. आणि कबूल करतो, आवाज वाढवला.

भाषण संपलं. सालगड्यानं उभी सळई उपटून माझ्या हातात दिली. मी म्हटलं, "अकरा."

पुढं तीन साखळ्या. "बारा, तेरा, चौदा!" मेख ठोकली. मेखेच्या पूर्वेला, बापूरावांच्या अंगाला, ती विहीर.

तुळशीरामानं साखळीचं टोक खाली ठेवलं आणि हात झटकले. कौसाबाई मात्र उठून आली. तिच्या ओट्यात, लुगड्याच्या खोळीत, खडे होते. म्हणाली, "साहेब, मी अडाणी बाई. दर साखळीला एक खडा ओट्यात टाकला. हे तेराच हायेत. एक डाव परत मोजा की."

नियम असा की मोजून झालं की उलट्या बाजूनं एकदा मोजून ताळा घ्यायचा. पण घसा कोरडा पडला होता, दोन्ही घरचं पाणी मी स्वतःच बंद केलं होतं, आणि नुकतंच एवढं मोठं भाषण झालं होतं. त्या भाषणानंतर माझी मोजणी चुकीची कशी असेल? मी म्हटलं, "बाई, खड्यांनी जमीन मोजता आली असती तर सरकारनं मला पगार कशाला दिला असता?"

जमलेले सगळे हसले. तुळशीराम पण हसला, बायकोला म्हणाला, "चाल वं, साहेब खोटं मोजणार न्हाई."

त्या रविवारी मी उपासनेत उभा राहून साक्ष दिली. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्यात देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं, म्हणजे चर्चमधल्या सगळ्यांपुढं, उभं राहून सांगायची चाल आहे, तिला साक्ष म्हणतात. साखऱ्याचं तूप मंडळीला इतकं आवडलं, की पाहुणे पाळक, म्हणजे बाहेरगावचे धर्मगुरू, आले की मला उठवायचे, "याकोबराव, ते तुपाचं होऊन जाऊ द्या." पहिल्यांदा डबा एक होता. ईस्टरला दोन झाले. कापणीच्या सणाला चार, आणि पुढच्या नाताळात बापूरावांनी दुभती म्हैस दावणीसकट माझ्या पायाशी आणून बांधली. रूथ घरी येऊन एवढंच म्हणायची, "ह्या खेपेला म्हैस व्याली न्हाई वाटतं."

तीनेक वर्षांनी, हिंगोली जिल्हा झाल्यावर, बापूरावांच्या पूर्वेच्या शेजाऱ्यानं अर्ज केला. मी पलीकडून मोजत मोजत बापूरावांच्या शेतात आलो आणि माझ्या त्या जुन्या मेखेपाशी पोचलो, तर बापूरावांची जमीन तेहतीस फूट जास्त भरत होती. दोन फूट जास्त आली असती तर म्हटलं असतं, साखळी ताणली. पाच आली असती तर जुनं टिपण सैल. पण बरोबर तेहतीस? ती अख्खी एक साखळी होती. गाठ आठवली, उभी सळई आठवली, "अकरा" म्हणणारा माझा आवाज आठवला. आणि तेरा खडे.

तुळशीरामाचे सहा गुंठे. आणि बरोबर त्या सहा गुंठ्यांत ती विहीर. बापूरावांनी ती आठ हात आणखी खोदली होती. वर इंजिन बसलं होतं. मी उभा होतो तिथून दिसत होतं, कौसाबाई नाल्यातून घागर भरून मिरचीच्या वाफ्याला पाणी घालत होती. चाळीस पावलांवर विहीर आणि ती नाल्याला.

मी नवा कागद नीट भरला, फक्त पूर्वेच्या बाजूपुरता. खोटं एक अक्षर लिहिलं नाही. पश्चिमेचं मला कुणी विचारलं नव्हतं.

वाचकहो, सैतानाला शिंगं असतात हे खोटं आहे. माझ्याकडं तो आला तो आमच्या हेडक्लार्कसारखा, कानावर पेन, समजूतदार आवाज. म्हणाला, फाईल बंद आहे, कशाला उघडता? तुळशीरामाची तक्रार आहे का? नाही. तुम्ही लाच घेतली का? नाही. उलट नाकारलीत! मग पाप कुठंय? ही तर मानवी चूक. आणि तुमचं नाव गेलं तर देवाचंच नाव जाईल, लोक म्हणतील किरिस्तावसुद्धा तसलेच. देवाच्या नावासाठी तरी गप्प बसा.

देवाच्या नावासाठी! ह्याला म्हणतात चलाख. कोंबडं सात मैल परत नेणारा मी, ह्याच्यापुढं मान डोलावत राहिलो. अकरा महिने.

त्या अकरा महिन्यांत मी एका जागी पंधरा मिनिटं बसलो असेन तर शपथ. उपासनेत बाक करकरायचा म्हणून मागच्या ओळीत जाऊन उभा राहायचो. जेवताना ताट घेऊन अंगणात फिरायचो. काम नसताना सायकल काढून साखऱ्याच्या शिवेपर्यंत जायचो आणि टायर तपासून परत यायचो. प्रार्थनेला डोळे मिटले की खडे दिसायचे. तुळशीरामाच्या घरी नाताळाला साखर-कपडे पाठवू का, त्याच्या पोरीला शाळेचं दप्तर देऊ का, असले आडमार्ग सुचायचे. रूथ म्हणाली, "त्याची विहीर ठेवून घ्यायची अन् दप्तर द्यायचं?" तिला मी काही सांगितलं नव्हतं. झोपेत बोलत होतो म्हणे.

त्यात मंडळीनं मला 'वडील' करायचं ठरवलं. वडील म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, मोठा मान. कारण काय? साखऱ्याचं तूप. मी पाळकसाहेबांकडं गेलो, दार लावून घेतलं आणि सगळं ओकलो. भला माणूस. हळूच म्हणाले, "याकोबराव, निवड होऊ द्या, मग शांतपणे निस्तरा. आता बोललात तर लेकरांच्या विश्वासाला अडखळण होईल." शब्दन् शब्द तोच होता. फक्त कानावर पेन नव्हता.

त्यांचा दोष नाही. ते मला वाचवत होते. पण तो आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला ओळखू आला. मी उठलो आणि सायकल थेट साखऱ्याला घातली, या खेपेला शिवेवर थांबलो नाही.

आधी बापूरावांकडं गेलो, कारण खरं सांगायचं तर कौसाबाईची भीती वाटत होती. ओसरीवर उभा राहून एका दमात सांगितलं, "एक साखळी माझ्या हातून चुकली. विहीर तुळशीरामाची आहे."

बापूरावांनी सुपारी कातरायची थांबवली. "साहेब, आठ हात मी खोदली. इंजिन मी बसवलं. अन् आता तुमी सांगून राहिले?"

"हो."

"कोन म्हनलं तुमाला सांगायला?"

"कुणी नाही."

"मंग तुमचं डोकं ठिकाणावर हाय ना?" मग माझ्याकडं रोखून बघत म्हणाले, "बरं ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या मंडळीतला एक मास्तर मला बाजारात भेटला. म्हने, म्या तुमाला चार डबे तूप दिल्तं, वर म्हैस. व्हय?"

मी हसलो. "बापूराव, लोक काय, वाढवून सांगतात."

"लोक?" ते म्हणाले. अडकित्ता पुन्हा चालू झाला. मी पायरी उतरलो तेव्हा मागून म्हणाले, "परत मोजा. दगड खरं बोलला तर घेऊ द्या त्याला त्याची. पर ह्या डावी पानी पिऊन मोजा."

तुळशीरामाच्या घरी तो नव्हता, कौसाबाई होती, मिरच्या निवडत. मी उभ्यानंच सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"तेराच व्हते," ती म्हणाली.

"हो."

"मी तवाच म्हनले व्हते."

"हो, बाई."

"लोक हसले मला. अजून हसतात. पाणवठ्यावर म्हनतात, कौसा, खडे मोज." मग तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "त्याचं काही न्हाई. पर एक सांगा साहेब. त्या दिवशी तुमी आमच्या हातचं पानी काहून पेले न्हाई?"

मी तोंड उघडलं. नियम, तत्त्व, दोन्ही घरं, सगळं ओठांवर होतं.

"माहा घरवाला म्हने, साहेब तत्त्वाचा हाय. मी म्हनलं, किरिस्ताव झाले तरी आपल्या हातचं पानी त्याहिला चालत नसंल." ती शांतपणे मिरच्यांची देठं तोडत होती. "मला तर वाटलं, मोजलंही तसंच असंल."

माझा आजा ज्या वस्तीतून उठून मिशनच्या शाळेत गेला, ती वस्ती आणि कौसाबाईची वस्ती यांत एका धुऱ्याचंही अंतर नव्हतं. हे मी तिला सांगायला हवं होतं. साखळीचं पाप मी अकरा महिने उगाळत होतो, आणि हे दुसरं माझ्या हातून झाल्याचं मला माहीतच नव्हतं. तिच्या मनात ते तीन-चार वर्षं बसून होतं.

मग अर्ज, खुलासा, वरच्या साहेबांची फेरमोजणी, आमच्यात तिला निमताना म्हणतात. मला ठपका बसला, एक बढती गेली. बढती गेल्याचं दुःख मी इतक्या मोठ्यानं केलं, की शेजाऱ्यांना वाटलं घरात कुणी गेलं. फेरमोजणीच्या दिवशी मी साखळीला हात लावायचा नाही असा हुकूम होता. मी धुऱ्यावर बसलो, कौसाबाईच्या शेजारी. तिच्या ओट्यात खडे, आणि मी पण बोटांवर मोजत होतो. दहाव्या साखळीला वरच्या साहेबांनी गाठ मारली. सळई उपटली गेली. त्यांनी 'अकरा' म्हटलं नाही, ती नुसती बाजूला ठेवली. मी श्वास सोडला.

चौदावी साखळी विहिरीच्या पलीकडं पडली. तुळशीरामानं मेख स्वतः ठोकली. बापूराव आले, मेखेकडं पाहिलं, म्हणाले, "इंजिन म्या उचलून नेतो. विहीर काही उचलत न्हाई." आणि गेले.

कौसाबाईनं दोरी टाकून पोहरा ओढला, तोच पितळी गडवा भरला आणि माझ्यापुढं धरला. "मोजनी झाली. आता चालंल ना?"

मी गडवा दोन्ही हातांनी घेतला. सगळा प्यालो. शर्ट भिजला. तुळशीराम म्हणाला, "अजून द्या साहेबाला, चार वर्साची तहान हाय."

इथं लेख संपवायचा माझा विचार होता. छान संपतो. मंडळीत मी हे सगळं सांगितलंही, वडीलपद नाकारलं तेही सांगितलं, बाया डोळे पुसत होत्या. आणि देवा शपथ, त्या डोळ्यांकडं पाहताना मला साखऱ्याच्या शेतातला तोच चेव चढला, माणसं जमतायत, आवाज वाढव. तिसऱ्या खेपेला सांगताना गडव्याचे तीन गडवे झाले. तेव्हापासून ती साक्ष मी देत नाही. ही मुंगी त्याच वारुळातली आहे. ती मरत नाही, जागा बदलते.

काल हे सगळं लिहून रूथला वाचायला दिलं. तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि पान उलटून मागं गेली. एका ओळीवर बोट ठेवलं.

"डबा लिहिला तुमी."

"एकच लिहिलाय! चारचा एक केला."

"डबा व्हता का?"

मी उठलो. फाटक लावलेलं होतं. परत येऊन बसलो.

बापूराव जाऊन आता पाच-सहा वर्षं झाली. आमच्या मंडळीत ते अजून तूप घेऊन आलेले, लाच देणारे बापूराव म्हणूनच माहीत आहेत. लेकरांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेतसुद्धा गोष्ट सांगतात. ज्याच्या हद्दीची खूण मी सरकवली तो तुळशीराम. ती परत जागेवर आली. बापूरावांच्या नावाची खूण मी सरकवली, ती अजून सरकलेलीच आहे. म्हणून लिहितो.

तूप तांब्याभर होतं. त्या गड्याच्या डोक्यावर भाकरीची टोपली होती, ती मी आजवर कुणालाच सांगितली नाही. जेवणाची वेळ झाली म्हणून बापूरावांनी सगळ्यांसाठी भाकरी मागवली होती, माझ्यासाठी, सालगड्यासाठी, तुळशीराम आणि कौसाबाईसाठी. तूप त्या भाकरीवर वाढायचं होतं. ज्याला मी भर शेतात शाप दिले तो माणूस फक्त जेवायला वाढत होता.

रूथनं वही माझ्या हातातून काढून घेतली. म्हणाली, "बस. आता पेन खाली ठेवा. अजून एक ओळ लिहिली तर म्हैस येईल."